दगड वाचायला कोणत्या वर्गात बसायचं?

यंदा बारावीचा निकाल लागला, त्यानंतर तिसऱ्या दिवशी माझी धाकटी बहीण आणि दाजी लोणी काळभोरला आमच्या घरी आले. बरोबर भाचीही होती. तिला विज्ञान शाखेतून चांगले गुण मिळाले होते. दाजींनी संगणक अभियांत्रिकीचं जवळजवळ पक्कं केलं होतं. चहा झाला आणि भाची म्हणाली, "मामा, मला जिऑलॉजी घ्यायचीय." दाजींनी कप खाली ठेवला. "दादा, हे तुमच्यामुळं झालंय. आता तुम्हीच सांगा, दगडं बघून पोट भरतं का?"

त्यांचं चूक नव्हतं. भाची लहान असल्यापासून सुट्टीत माझ्याबरोबर विहिरी बघत हिंडली आहे. मी भूवैज्ञानिक नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचं, तेही बहिःस्थ परीक्षा देऊन पुरं केलेलं. नोकरी साखर कारखान्यात हिशेबाची. पण कुठं विहीर खणायला घेतली की यारीच्या पाळण्यात बसून खाली उतरायचं आणि कोणत्या खोलीवर कोणता थर लागला ते वहीत लिहायचं, हा नाद मला तिशीच्या आधीच लागला. लोणी, कुंजीरवाडी, थेऊर, उरुळी या पट्ट्यातल्या दोनशेच्या वर विहिरींच्या नोंदी माझ्याकडे आहेत. मराठी विश्वकोशाचे खंड, भूजल खात्याच्या पुस्तिका आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेली जुनी पाठ्यपुस्तकं हेच माझं विद्यापीठ.

तेव्हा दाजींच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी योग्य माणूस आहे की अगदी अयोग्य, हे मलाच ठरवता येईना. त्या दिवशी मी फक्त "चार दिवस द्या" एवढंच म्हणालो. त्या चार दिवसांत, आणि पुढच्या चार महिन्यांत, जे वाचलं, विचारलं आणि आठवलं, ते या लेखात मांडतो आहे. आपल्या ओळखीत असं एखादं मूल असेल तर उपयोगी पडेल.

आधी नावाचा घोळ

या विषयाला मराठीत भूगर्भशास्त्र, भूशास्त्र आणि भूविज्ञान अशी तीन नावं रूढ आहेत. 'भूगर्भ' म्हटलं की फक्त पोटातलं काहीतरी असावं असं वाटतं. प्रत्यक्षात डोंगराचा उतार, नदीचा गाळ, किनाऱ्याची वाळू हेही याच विषयात येतं. विश्वकोशानं 'भूविज्ञान' हे नाव स्वीकारलं आहे आणि मलाही ते बरं वाटतं.

दुसरा घोळ भूगोलाशी होतो. भूगोल हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे, पण भूविज्ञानाच्या नोकरीसाठी भूगोलाची पदवी चालत नाही. पर्यावरणशास्त्राचंही तसंच. ही बाब किरकोळ वाटते, पण दोन्ही नावांत 'भू' आहे म्हणून भूगोलाला प्रवेश घेतलेली आणि तीन वर्षांनी जाहिरात वाचून हताश झालेली मुलं मी पाहिली आहेत.

एका विहिरीतले सहा प्रश्न

कोणती शाखा घ्यावी हे विद्यापीठाच्या माहितीपत्रकावरून कळत नाही. विहिरीवरून मात्र चटकन कळतं. म्हणून आमच्या भागातल्या एखाद्या विहिरीत उतरू.

वर काळी माती असते. नदीच्या बाजूला गेलं तर तिच्याखाली पिवळसर गाळ. मग मुरूम, म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला खडक. त्याखाली कधी मांजऱ्या लागतो, म्हणजे बारीक भोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा, पहारीला दाद देणारा खडक. कधी थेट काळा पाषाण लागतो आणि सुरुंगाशिवाय पुढं सरकता येत नाही. मध्येच वीत-दोन वीत जाडीचा तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. मग पुन्हा मांजऱ्या, पुन्हा पाषाण.

हा सगळा बेसाल्ट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला आणि थरावर थर साचले. यातला बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतच बाहेर पडला, असं अलीकडची कालमापनं सांगतात. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकानं व्यापलेला आहे, आणि महाराष्ट्राचा पाचातला चार भाग त्यावरच उभा आहे. लाव्हातल्या वायूचे बुडबुडे अडकले तिथं भोकं राहिली, पुढं त्यांत खनिजं भरली आणि मांजऱ्या झाला. आतला भाग सावकाश निवला, त्याचा घट्ट पाषाण झाला. तांबडा पट्टा ही दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीची खूण.

आता याच विहिरीच्या काठावर सहा माणसं उभी करा. पहिला विचारतो, पाणी कोणत्या थरात साठेल आणि किती दिवस टिकेल? हे जलभूविज्ञान. दुसरा विचारतो, हा लाव्हा किती खोलीवर वितळला, वर येताना त्यात काय मिसळलं? हे शिलाविज्ञान आणि भूरसायन. तिसरा म्हणतो, न खणता खालचं कळेल का? जमिनीत वीज सोडून तिला होणारा विरोध मोजतो. ही भूभौतिकी. चौथा विचारतो, इथून बोगदा नेला तर छत टिकेल का? हे अभियांत्रिकी भूविज्ञान. पाचव्याला पाषाणात रस नाही, तो वरच्या गाळाकडे बघतो. आपल्या जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीला आणि कऱ्हाकाठी मोरगावला अशाच गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. ती त्याच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची की त्याहून फार जुन्या, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला, कारण तिच्या वयावर तिथल्या दगडी हत्यारांचं वय ठरतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात या प्रकारच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. सहावा भोकांतल्या खनिजांकडे बघतो. नदीपलीकडच्या वाघोलीच्या दगडखाणींत १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅव्हन्साइट हे गडद निळं खनिज सापडलं आणि जगभरच्या संग्रहालयांत गेलं. खाणीवरच्या लोकांना तो डबर होता.

यातले पहिला आणि तिसरा एकाच शेतकऱ्याच्या कामाचे आहेत, पण त्यांच्या पदव्या वेगळ्या. तिसऱ्याला गणित आणि भौतिकशास्त्राशिवाय पाऊल टाकता येणार नाही. दुसऱ्याला रसायन लागेल. पाचव्याला पुरातत्त्वाशी मैत्री करावी लागेल. म्हणून मी भाचीला पहिला प्रश्न विचारला तो "दगड आवडतात का?" असा नव्हता. "यातला कोणता प्रश्न तुला झोपू देत नाही?" असा होता. ती म्हणाली, "पाण्याचा. पण खाली न उतरता."

एकच डोंगर, दोन नावं

शाखा निवडणं म्हणजे नजर निवडणं. याचं आमच्या दारातलं उदाहरण देतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं आपल्या भागातल्या लाव्हाथरांची जी विभागणी केली, तिच्यात इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड अशी नावं आहेत. ही विभागणी मुख्यतः शेतात, घाटात उभं राहून दिसणाऱ्या लक्षणांवर केलेली आहे. थर कसा वाहिला, भोकं कशी आहेत, स्फटिक किती मोठे आहेत, हे त्यात पाहिलं जातं. विद्यापीठांतल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात त्याच सह्याद्रीची दुसरी विभागणी केली. तिच्यात खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावं येतात. तिचा पाया रासायनिक पृथक्करण.

डोंगर तोच, पण एकानं भिंग घेतलं आणि दुसऱ्यानं प्रयोगशाळा. विहीर खणणाऱ्याला पहिली विभागणी जास्त उपयोगी पडते, लाव्हाचा उगम शोधणाऱ्याला दुसरी. विद्यार्थ्यानं पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत दोन्ही पाहाव्यात आणि मग ठरवावं. आधीच 'मी अमुकच होणार' म्हणून इतर विषय टाळू नयेत.

माझी चूक

चौथ्या दिवशी दाजी पुन्हा आले तेव्हा भाचीनं मला अडचणीत टाकलं. म्हणाली, "मामा, तुम्ही तर डिग्रीशिवायच सगळं शिकलात. मग मला तरी ती कशाला पाहिजे?" तेव्हा जी गोष्ट मी घरात कधी सांगितली नव्हती, ती सांगावी लागली.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीवरच्या एका शेतकऱ्यानं विहीर खणायची ठरवली. त्यानं आधी पाणाड्या आणला होता. हातावर नारळ उभा राहिला ती जागा त्याला पटेना, म्हणून माझ्याकडे आला. मी मोठ्या तोऱ्यात त्याला पाणाड्याच्या नादी लागू नको म्हणून सांगितलं. वही उघडली. त्याच्या वरच्या अंगाला, तीनशे पावलांवर, एका विहिरीला ११ मीटरवर मांजऱ्या लागला होता आणि त्या थराला भरपूर पाणी होतं. लाव्हाचे थर आमच्याकडे जवळजवळ आडवे आहेत हे मी वाचलं होतं. सांगितलं, "इथंही ११ मीटरवर लागेल. फार तर बारा."

त्यानं खणलं. ११ झाले, १३ झाले, १५ झाले. पाषाण संपेना. सुरुंगाच्या दारूचा खर्च वाढत गेला. घरातल्या पाटल्या मोडल्या. शेवटी काम थांबवलं. पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाणी दिसायचं, संक्रांतीनंतर तळ.

चूक साधी होती. मी खोली जमिनीपासून मोजली होती, आणि जमीन नदीकडे उतरत जाते. त्याचं शेत वरच्या विहिरीपेक्षा सहाएक मीटर खाली होतं. थर आडवा असेल तर तो त्याच्या शेतात अकराव्या नव्हे, पाचव्या मीटरला येणार. तो तसा आलाही होता. पण शेजारच्या ओढ्यानं तोच थर कापलेला होता आणि त्यातलं पाणी दिवाळीनंतर ओढ्यात पाझरून जात होतं. म्हणजे ज्या थराची वाट बघत आम्ही पाषाण फोडत होतो, तो कधीच मागं टाकून आलो होतो. दोन्ही विहिरी एका सामाईक पातळीवरून मोजून कागदावर मांडणं, ओढ्याचा काठ चालून बघणं, हा पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतला अभ्यास आहे. मला तो माहीत नव्हता, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

तो शेतकरी मला कधी टाकून बोलला नाही. अजून चहाच्या टपरीवर भेटला की रामराम करतो. पण त्या दिवसापासून मी कोणाला जागा दाखवलेली नाही. नोंदी मागितल्या तर देतो.

भाचीला म्हणालो, पुस्तकं मीही वाचली. पण पदवी म्हणजे पुस्तकं नव्हेत. तुमचा नकाशा चुकला तर शिक्षक तो घाटात उभं करून तुमच्यासमोर खोडतात, आणि त्या चुकीपायी कोणाच्या पाटल्या जात नाहीत. चूक करायची स्वस्त जागा मिळते, ती पदवी.

स्वयंशिक्षितांचा काळ

एके काळी हा विषय घडवला तो स्वयंशिक्षितांनीच. इंग्लंडमधला विल्यम स्मिथ कालव्यांची मोजणी करणारा माणूस. कालवे खणताना दिसणारे थर आणि त्यांतले जीवाश्म यांची सांगड घालून त्यानं १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला. चारच वर्षांनी तो कर्जापायी तुरुंगात गेला, आणि विद्वानांनी त्याचा सन्मान केला तो १८३१ मध्ये. आमच्या लोणीतून मुठेचा कालवा जातो. त्याच्या काठानं चालताना मला स्मिथची आठवण येते.

आपल्याकडेही तसंच. दख्खनच्या खडकांविषयी लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या ग्रंथात लिहिणारे कर्नल साइक्स हे लष्करी अधिकारी. नागपूरजवळ टाकळीला लाव्हाथरांच्या मधल्या गाळात जीवाश्म शोधणारे स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी. त्याही आधी, सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त 'दकार्गल' नावाचा पूर्ण अध्याय भूमिगत पाण्याच्या खुणांना दिला.

पण हा काळ सरला. दाराशॉ नोशेरवान वाडिया यांचं उदाहरण त्या वळणावरचं आहे. त्यांचं शिक्षण बडोदा कॉलेजात झालं, परदेशी पदवी नव्हती. जम्मूच्या कॉलेजात शिकवताना मुलांना घेऊन ते हिमालयाच्या पायथ्याशी हिंडले. १९१९ मध्ये त्यांचं भारताच्या भूविज्ञानावरचं पाठ्यपुस्तक आलं आणि १९२१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले. १९५७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. वाडियांची हिंडण्याची हौस स्मिथसारखीच होती, पण तिच्याखाली महाविद्यालयाचा पाया होता. आज त्या पायाशिवाय खडकाचं वय ठरवणाऱ्या यंत्राजवळही कोणी उभं करत नाही.

रस्ता कसा आहे

आता दाजींच्या प्रश्नाकडे येतो. इथं मी हिशेबनीस होतो.

पहिली गोष्ट, पाच वर्षं धरून चालायचं. अभियांत्रिकीत चार वर्षांची पदवी घेतली की नोकरीचं दार उघडतं. भूविज्ञानात खरं दार पदव्युत्तर पदवीनंतर उघडतं. तीन अधिक दोन, किंवा नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार अधिक एक. संघ लोकसेवा आयोगाची जी संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा असते, तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात निवड होते. तिला भूविज्ञान किंवा त्यालगतच्या ठरावीक विषयांतली पदव्युत्तर पदवी लागते. सर्वसाधारण वयोमर्यादा २१ ते ३२. ज्या घराला तीन वर्षांनी मुलाची कमाई हवीच आहे, त्यानं हे आधी नीट तोलावं. हे न सांगता 'आवड महत्त्वाची' म्हणणं ही फसवणूक आहे.

दुसरी गोष्ट, बारावीत आणि पदवीत गणित-भौतिकशास्त्र सोडू नये. भूविज्ञानाला जीवशास्त्राचे विद्यार्थीही जातात आणि चांगलं काम करतात, विशेषतः जीवाश्मांत. पण गणित सुटलं की भूभौतिकी, भूजलाची प्रतिमानं, भूकंपशास्त्र ही दारं एकामागून एक लागत जातात. उलट, ज्याला भूभौतिकीत जायचं आहे तो भौतिकशास्त्राची पदवी घेऊनही तिकडं वळू शकतो.

तिसरी गोष्ट, पदवीच्या कागदावरचं नाव. आजकाल 'पृथ्वी', 'पर्यावरण', 'शाश्वत', 'हवामान' असे शब्द जोडून सुंदर नावांचे अभ्यासक्रम निघतात. त्यातले काही खरोखर चांगले असतात. पण नोकरीची जाहिरात नावावर चालते. प्रवेशाआधी लोकसेवा आयोगाची गेल्या वर्षीची जाहिरात काढावी, पात्रतेची यादी वाचावी आणि आपल्या पदवीचं नाव त्यात बसतं का ते बघावं. अर्धा तास लागतो.

चौथी गोष्ट, ठिकाण. पुण्यात फर्ग्युसनमध्ये हा विषय पदवीला आहे, विद्यापीठात पदव्युत्तर विभाग आहे. मुंबईत सेंट झेवियर्स, नागपूर आणि अमरावती विद्यापीठं, नांदेड आणि सोलापूर विद्यापीठांची भूविज्ञान संकुलं आहेत. पदवीनंतर 'जॅम' परीक्षा देऊन मुंबईच्या आयआयटीत उपयोजित भूविज्ञानाला जाता येतं. धनबादची १९२६ पासूनची खाणविद्येची जुनी संस्था आता आयआयटी आहे. 'गेट' परीक्षेतही भूविज्ञान आणि भूभौतिकीचा स्वतंत्र पेपर असतो. तेल आणि खनिज क्षेत्रातल्या सरकारी कंपन्या त्याच्या गुणांवरून भरती करतात. आमच्या लोणीत तेल कंपन्यांच्या मोठ्या टाक्या आहेत. त्या टाक्यांखालच्या बेसाल्टात तेल नाही, पण १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं ते याच बेसाल्टावर समुद्रात साचलेल्या गाळाच्या खडकांत. ते कुठं खणायचं हे कोणीतरी वाचलं होतं.

पाचवी गोष्ट, महाविद्यालयात गेल्यावर इमारत बघू नये. चार प्रश्न विचारावेत. वर्षातून किती दिवस क्षेत्रभेट असते? मुलं स्वतः नकाशा करतात की शिक्षकांचा उतरवतात? खडकाचे पातळ काप बघायला किती सूक्ष्मदर्शकं चालू आहेत? आणि गेल्या तीन वर्षांतली मुलं आज कुठं आहेत? चौथ्याचं उत्तर कार्यालयात न विचारता त्या मुलांनाच फोन करून विचारावं.

मुलगी आणि डोंगर

बहीण इतका वेळ गप्प होती. तिची काळजी पगाराची नव्हती. "दादा, पोरीनं एकटीनं रानोमाळ हिंडायचं?"

तिला दोन नावं सांगितली. भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम १९८३ च्या डिसेंबरात गेली तेव्हा तिच्यात दोन स्त्रिया होत्या. सुदीप्ता सेनगुप्ता या भूवैज्ञानिक. अदिती पंत या सागरविज्ञानाच्या अभ्यासक, जन्म नागपूरचा, पदवी पुणे विद्यापीठाची. एकीनं खडकांच्या घड्यांचा अभ्यास केला होता, दुसरीनं समुद्रातल्या सूक्ष्म जीवसृष्टीचा. दोन वेगळ्या रस्त्यांनी दोघी एकाच बर्फावर पोचल्या. कायदाही बदलला आहे. भूमिगत खाणींत स्त्रियांना कामाला जी बंदी होती, ती २०१९ मध्ये तांत्रिक आणि पर्यवेक्षी कामांपुरती अटींसह उठली. अडचणी संपल्या असं मी म्हणणार नाही. क्षेत्रभेटीत राहण्याची सोय काय, सोबत कोण, हे बहिणीनं महाविद्यालयात जरूर विचारावं. पण सगळं क्षेत्र बंद आहे ही समजूत जुनी झाली.

गरज कोणाला आहे?

दाजी शेवटी म्हणाले, "पण दादा, एवढं शिकून माणसं लागतात किती?" नोकऱ्यांचा आकडा माझ्याकडे नाही. सरकारी जागा मोजक्या निघतात, खासगी कामं पुष्कळदा कंत्राटी असतात आणि सुरुवातीचा पगार संगणकवाल्यांशी बरोबरी करत नाही, हे खरंच आहे. पण गरज आणि नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा. स्थिर समजल्या जाणाऱ्या त्या प्रदेशात नऊ हजारांहून अधिक माणसं गेली. नंतर तिथं छिद्र घेतलं तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपून खालचा प्राचीन खडक लागला. आपल्या पायाखाली किती जाडीचं काय आहे हे मोजायला आपण माणसं मरायची वाट पाहिली होती. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसांसह. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी. दर वेळी समिती नेमली जाते, आणि समितीत बसायला भूवैज्ञानिक लागतो. तो गावात आधीच असता तर?

पाण्याचंही तेच. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास राज्यानं भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी केली. २०१४ पासून लागू झालेल्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई केली. आमच्याकडे रात्री बोअरच्या गाड्यांचा आवाज ऐकून खोली ओळखता येते, आणि ती साठ मीटरवर थांबत नाही. कायदा काय म्हणतो हे शेतकऱ्याला वकील सांगेल. तो तसा का म्हणतो, वरचा झिजलेला थरच पाणी साठवतो आणि खाली गेलं की खात्री कमी होत जाते, हे वही घेऊन बांधावर सांगणारं माणूस मात्र सापडत नाही.

पाण्याची नळी

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाचीनं गवंड्याकडून पाण्याची नळी आणली. भिंतीची पातळी बघतात ती. "मामा, ती विहीर दाखवा," म्हणाली. मला जायचं नव्हतं. ती गेली म्हणून गेलो.

वरच्या विहिरीपासून त्या अर्धवट खड्ड्यापर्यंत, नळीच्या एकेका टप्प्यानं, आम्ही सकाळभर पातळी आणली. एका टोकाला ती, एका टोकाला मी, आकडे दाजी लिहीत होते. फरक ६.२ मीटर भरला. मग ओढ्याच्या काठानं चाललो. कंबरभर उंचीवर मांजऱ्याचा पट्टा उघडा पडलेला होता आणि त्याखाली जुन्या पाझराचे पांढरे डाग होते. शेताचा मालक बांधावर येऊन उभा राहिला. भाचीनं त्याला पट्टा दाखवला, कागदावर रेघ मारून समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "हे आधी कळायला पाहिजे होतं." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

परतताना दाजींनी विचारलं, "पाच वर्षं म्हणालात ना?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मग गणित सोडू नको म्हणावं तिला."

भाचीनं भूविज्ञान, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन प्रवेश घेतला आहे. माझ्या विहिरींच्या वह्या आता तिच्याकडे आहेत. गणपतीत घरी आली तेव्हा पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर तिनं लाल शाईनं एक रकाना वाढवलेला दाखवला. रकान्याचं नाव होतं, 'जमिनीची समुद्रसपाटीपासून उंची'. दोनशेच्या वर विहिरींना तो रकाना रिकामा आहे. दिवाळीच्या सुट्टीत भरायला सुरुवात करायची असं ठरलं आहे.